हळदीची पेढी, ए.कु.क. आणि अण्णांचं मृत्युपत्र: सुरुवात कुठून करू?

हळदीवाला_सांगली

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची आडत पेढी आहे. वडील (अण्णा, वय ७३) आणि काका (६६) असे दोनच भागीदार, निम्मे-निम्मे. मी ४१ चा. वीस वर्षं पेढीवर बसतोय, पण कागदावर कुणीच नाही. माझा पगारसुद्धा खतावणीत 'घरखर्च' म्हणून पडतो.

गेल्या महिन्यात आमच्याच ओळीतले एक आडते सकाळच्या सौद्यात छातीला हात लावून खाली बसले, ते गेलेच. पेढी एकट्याच्या मालकीची. दोन दिवसांत चालू खातं थांबलं. ज्यांची हळद विकून झाली होती ते शेतकरी पट्टीचे पैसे मागायला दारात, हमालांची हमाली थकलेली, आणि मुलगा पंचविशीचा. उचल (शेतकऱ्यांना आगाऊ दिलेले पैसे) कुणाला किती दिलीय हे त्याला ठाऊक नाही, कारण निम्मी उचल वडिलांच्या डोक्यात. त्या रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "आपलंपण एकदा बघायला पाहिजे." अण्णा असं आयुष्यात पहिल्यांदा बोलले. त्यांचा विचार बदलायच्या आत लिहून टाकतोय.

मालमत्ता अशी. पेढीतला अण्णांचा निम्मा हिस्सा. भागीदारीचा दस्त १९९४ चा, दोन पानी. विश्रामबागला घर, २००३ साली अण्णांनी बांधलं, कागदावर अण्णा आणि आई दोघांची नावं. तासगाव तालुक्यात साडेतीन एकर शेती, त्यात दीड एकर द्राक्षबाग. सातबाऱ्यावर अण्णांचं नाव, पुढे 'ए.कु.क.' (एकत्र कुटुंब कर्ता) असं लिहिलंय. बँकेत ठेवी, बहुतेक ठिकाणी नॉमिनी मी. एलआयसीला आई. थोडे शेअर, त्यांचं डिमॅट खातं मीच उघडून दिलेलं.

माणसं म्हणाल तर आई, मी, पुण्यात दिलेली बहीण, आणि आमची आजी. आजी ९३ वर्षांची आहे आणि आजही सकाळी पेपर वाचते.

आता प्रश्न. ठेवींना नॉमिनी मी आहे म्हणजे त्या माझ्याच ना? बहिणीचं लग्न १९९९ साली थाटात केलंय, तिला अजून किती लागतं? मृत्युपत्र नोंदवावंच लागतं का? एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की आत्ताच घर माझ्या नावावर बक्षीसपत्र करून टाका, कटकट मिटेल. काका म्हणतात, "घरातल्या घरात कागद कसले? विश्वास नाही का?" तिथेच सगळं अडतंय. आणि हो, गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये अण्णांनी सही करून ठेवलेले चार कोरे चेक कायम असतात. अडीनडीला तेवढं पुरेल का?

निवृत्त_रोखपाल

बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा मयत खातेदारांच्या टेबलावर. त्या टेबलावर सख्खे भाऊ एकमेकांना 'अहो' म्हणायला लागलेले पाहिलेत.

शेवटून सुरू करतो. ते चार चेक आजच फाडा. खातेदार गेल्याचं बँकेला कळलं की त्या सहीवर पैसे देता येत नाहीत, आणि कळायच्या आत तुम्ही उचललेत तर उद्या कुणीही वारस विचारेल की कुठल्या हक्काने उचलले. मुखत्यारपत्राचंही तेच. देणाऱ्याच्या श्वासाबरोबर ते संपतं. लोक मात्र वडील गेल्यावर दहाव्याच्या आत मुखत्यारपत्र घेऊन काउंटरवर उभे राहतात.

आता नॉमिनी. तुम्ही आडते आहात, तुम्हाला दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल. शेतकऱ्याची हळद तुमच्या गोदामात उतरते, विकल्यावर पैसे तुमच्या हातातून जातात. म्हणून ती हळद तुमची झाली का? नॉमिनी म्हणजे आडत्या. बँक त्याच्या हातात पैसे देऊन मोकळी होते. ते कुणाचे हे मृत्युपत्र ठरवतं, ते नसेल तर वारसा कायदा. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितलं, शेअर आणि म्युच्युअल फंडाबाबत २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा सांगितलं. विमा कायद्यात २०१५ साली बदल झाला, त्यामुळे आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याच्या रकमेचं गणित जरा वेगळं होतं. तरी मृत्युपत्रात तेच नाव लिहिलं की वादाला जागा उरत नाही.

नॉमिनी नेमू नका असं मात्र मुळीच नाही. नॉमिनी असला की पैसे आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतात, नसला की कागदांची माळ लागते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जण नेमता येतात, टक्के लिहून. बहिणीचं नाव घाला. आणि दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेकडे जातात. त्या शोधायला 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे. त्यावर आजोबांचं नाव एकदा टाकून बघा. गंमत म्हणून सांगत नाही.

बक्षीसपत्राबद्दल माझं मत: करू नका. स्वस्त आहे हे खरं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर कुठे कुठे स्थानिक अधिभार. पण बक्षीस दिलं की दिलं. मृत्युपत्र अण्णा उद्या सकाळी चहा पिता पिता बदलू शकतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दिलेलं परत मागायची सोय आहे, पण सांभाळायची अट दस्तातच लिहिलेली नसेल तर झगडावं लागतं. आणि तुमच्या पोस्टमध्ये आईला घर हवंय का, हे कुणी विचारल्याचं दिसलं नाही. कागदावर तिचंही नाव आहे ना?

मागवाली_इचल

मी इचलकरंजीची. बहिणीबद्दल "अजून किती लागतं" हे वाक्य वाचून बंद करणार होते, पण आजी हयात आहे हे वाचलं आणि थांबले.

आमचे दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) २०१९ साली गेले. २४ यंत्रमागांची शेड. त्यांनी मृत्युपत्र लिहिलं होतं. स्वतःच्या हाताने, सायझिंगवाल्याने दिलेल्या डायरीत, पाच पानं, अगदी कुठल्या मागाची मोटर कधी भरली इथपर्यंत. खाली सही. साक्षीदार म्हणून त्यांच्या एका दोस्ताची सही. दुसऱ्या साक्षीदाराची जागा आखून ठेवलेली, "उद्या घेतो" म्हणाले. तो उद्या आला नाही. दोन साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र नसतं, ती नुसती डायरी असते. ती अजून माझ्याकडे आहे. आखलेल्या रेघेवर काहीच नाही.

मग वारसा कायदा लागला. दादांच्या मागे आई, भाऊ, मी. तिघांत वाटणी होईल असं आम्ही धरून चाललो होतो. चौथी आजी! मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या आईलाही बायकोमुलांइतकाच वाटा, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. चौघांना चार-चार आणे. सात महिन्यांनी आजी गेली. तिचे चार आणे तिच्या मुलांत: दोन चुलते, एक आत्या, आणि दादांच्या वाटचं आम्हा भावंडांना. म्हणजे दादांच्या शेडचे तीन आणे चुलते आणि आत्याकडे. मिळकत पत्रिकेवर सहा नावं. भावाला नवीन मागांसाठी कर्ज हवं होतं, बँक म्हणाली सहा जणांच्या सह्या आणा. आत्या निपाणीला, तिचा गुडघा दुखायचा, ती दोन वर्षं आली नाही. एका चुलत्यांनी हक्कसोडपत्र दिलं. दुसऱ्यांनी पैसे घेतले, किती ते लिहीत नाही.

भावाने माझ्याकडेही हक्कसोडपत्र मागितलं. मी दिलं. मागायला तो घरी आला नव्हता, कागद व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तेवढं लक्षात राहतं, बाकी काही नाही.

पोंडेकार

आमच्या गोंयात हें सगळें वेगळें. नवऱ्या-बायकोची मालमत्ता दोघांची अर्धी अर्धी, आणि मुलांचा अर्धा वाटा कायद्यानेच राखीव, मृत्युपत्राने उरलेला अर्धाच देता येतो. सहज म्हणून सांगितलें. वरची उत्तरं गोव्यात लावूं नकात.

दस्तऐवज_कोल्हापूर

वकिली करतो, पेढ्यांचीच कामं जास्त. तुमच्यासाठी घरापेक्षा आणि ठेवींपेक्षा तो दोन पानी दस्त जास्त महत्त्वाचा आहे, कारण पेढीला मृत्युपत्राने वाचवता येत नाही.

भागीदारी कायदा १९३२ चा, त्याचं कलम ४२ बघा. दस्तात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर भागीदार गेला की भागीदारी मोडते. आणि दोनच भागीदार असतील तर 'पेढी चालू राहील' असं लिहूनही उपयोग नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. म्हणजे उद्या अण्णा किंवा काका, कुणीही एक गेलं की तुमच्या ओळीतल्या त्या आडत्याच्या मुलावर जी वेळ आली तीच तुमच्यावर. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीची उचल मर्यादा) थांबणार, जीएसटी आणि बाजार समितीच्या परवान्याचे प्रश्न उभे राहणार, तेही ऐन हंगामात. शिवाय हिशेब मिटेपर्यंत गेलेल्या भागीदाराच्या वारसांना नफ्यातला वाटा किंवा सहा टक्के व्याज, यातलं जे हवं ते मागता येतं. भांडण लांबलं की ही रक्कम कशी फुगते ते मी पाहिलंय.

म्हणून नवा दस्त करा. तुम्ही आत या, काकांच्या घरातलंही एक जण येऊ द्या. दस्तात लिहा: कुणी गेलं तरी पेढी चालू, त्याच्या वारसांना भांडवल आणि वाटा किती महिन्यांत, किती हप्त्यांत, नावलौकिकाची किंमत कशी काढायची, आणि उचलीचं काय. उचल हे तुमच्या धंद्यातलं खरं भांडवल आहे. ती अण्णांच्या डोक्यातून वहीत उतरवा, शेतकऱ्याच्या सहीसकट. मग दस्त निबंधकाकडे नोंदवा. काकांना मृत्युपत्राचा विषय काढू नका. काकू आणि त्यांच्या मुलांचीही सोय याच दस्तात आहे, एवढंच सांगा. 'विश्वास नाही का' म्हणणारे काका हा दस्त सगळ्यात आधी वाचतात, माझा अनुभव.

सीसीला तारण काय दिलंय? घर दिलं असेल तर ज्याला घर त्याला त्यावरचा बोजाही.

आता शेती. ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. तेही नॉमिनीसारखंच, नाव एकाचं आणि हक्क अनेकांचा. पण त्याआधीचा प्रश्न असा की ती जमीन आजोबांकडे कशी आली? लोक आजोबांची म्हटलं की 'वडिलोपार्जित' म्हणून मोकळे होतात. आजोबांना त्यांच्या वडिलांकडून आलेली असेल तर एक गणित. त्यात मुलींचा जन्मतः हक्क, २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, म्हणजे तुमची बहीण आत्ताच हिस्सेदार, तिचं लग्न १९९९ साली कितीही थाटात झालेलं असो. आजोबांनी स्वतः खरेदी केलेली असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील तर दुसरं गणित. जुने फेरफार (जमिनीवरच्या नावबदलाच्या नोंदी) काढा. आणि तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून विचारतो: अण्णांना बहीण आहे का?

हळदीवाला_सांगली

उशिरा उत्तर देतोय, नव्या हळदीचे सौदे सुरू झालेत. चेक फाडले. अण्णांनी स्वतःच फाडले, आणि बारीक तुकडे करून.

वकीलसाहेब, आहे. आत्या मिरजेला असते. दर भाऊबीजेला येते, आणि तिच्याबद्दल लिहायचं मला सुचलंसुद्धा नाही, हे तुमचा प्रश्न वाचल्यावर कळलं.

तलाठी कार्यालयात गेलो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय). जुना फेरफार निघाला. आजोबांनी जमीन १९६१ साली खरेदीखताने घेतलेली, गेले १९८८ साली. वारस नोंदीत अण्णांचं नाव ए.कु.क. म्हणून वर, आणि आजी व आत्या 'इतर हक्क' या रकान्यात. शाई इतकी फिकी की भिंगातून वाचलं. आत्याचं नाव माहेरचंच लिहिलंय, लग्नानंतरचं नाही.

दस्तऐवज_कोल्हापूर

मग दुसरं गणित. आजोबांची स्वतःची जमीन, मृत्युपत्र नाही: आजी, अण्णा, काका, आत्या, चौघांना सारखा वाटा. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे, प्रत्येकी ३५. नाव कुठल्या रकान्यात आहे याने वाटा कमी होत नाही. अण्णा मृत्युपत्राने फक्त त्यांचे ३५ गुंठे देऊ शकतात. निम्मी जमीन देतो असं लिहिलं तर तो भाग कोर्टात जाईल. आजीच्या ३५ गुंठ्यांचं काय, हे आजीला विचारा. पेपर वाचतात म्हणालात ना.

निवृत्त_रोखपाल

मृत्युपत्र लिहिताना थोडी व्यवहाराची पथ्यं. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. अण्णांचं वय पाहता त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. साक्षीदार दोन, अण्णांपेक्षा तरुण, ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे, आणि अण्णांनी सही केलेली दोघांनी पाहिलेली हवी. प्रत्येक पानावर सही. अंमलबजावणी करणारा एक माणूस नेमा. सांगलीत प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब) आधीपासूनच सक्तीचं नाही, त्याची धास्ती नको. वारसा कराचीही नको, तो १९८५ सालीच गेला.

बहिणीला कमी द्यायचं ठरलं तर का कमी, ते दोन ओळींत अण्णांच्याच शब्दांत लिहा. नुसतं नाव गाळलं तर वाटतं की विसरले, किंवा कुणी विसरायला लावलं.

हळदीवाला_सांगली

शेवटचं अपडेट.

जमिनीचं अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती कधी मागत नाही." आजी आतून म्हणाली, "तू विचारलंस का कधी?" झालं. रविवारी आत्याला बोलावलं, बहीण पुण्याहून आली. मागवाली ताई, तिला व्हॉट्सॲप केलं नाही, फोन केला. आत्याला जमीन नकोय, पण नाव नीट लावून हवंय, लग्नानंतरचं. अर्ज दिला. बहिणीने एकच विचारलं, "आईचं काय?" त्यावर मला पटकन उत्तर देता आलं नाही.

आता ठरलं ते असं. भागीदारीचा नवा दस्त, चौघांचा: अण्णा, काका, मी आणि चुलतभाऊ. काकांनी खरोखरच तो सगळ्यात आधी वाचला आणि दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. अण्णांच्या मृत्युपत्रात पेढीतला वाटा मला. घर सीसीला तारण आहेच, म्हणून बोजा पेढीने फेडायचा असं वेगळं कलम. घरातला अण्णांचा भाग आईला हयातभर, तिच्यामागे आम्हा दोघांना निम्मा. ठेवी बहिणीला ६० टक्के, कारण पेढी मला. हा आकडा अण्णांनीच काढला, मागच्या सातआठ वर्षांची खतावणी समोर घेऊन. आजीलाही काहीतरी ठेवू म्हणाले, तर आजी म्हणाली, "मला कशाला, मलाच लिहायचंय." तिच्या ३५ गुंठ्यांचं ती काय करणार आहे ते तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मंगळवारी नोंदणी. साक्षीदार आमचे डॉक्टर आणि शेजारचे बेदाणावाले.

एकच राहिलं. मसुदा वाचून झाल्यावर आईने विचारलं, "आणि माझं कोण लिहिणार?" तिच्याकडे माहेरची दहा गुंठे जमीन आहे पलूसकडे, आणि पाटल्या. शिवाय घरावर तिचं नाव आहेच. आम्हा दोघांनाही त्या दहा गुंठ्यांची आठवण नव्हती. बाईच्या मालमत्तेचे नियम वेगळे असतात का?

दस्तऐवज_कोल्हापूर

असतात, आणि माहेरच्या जमिनीचे आणखी वेगळे. मुलं असताना फारसा फरक पडत नाही, तरी मृत्युपत्र करायलाच हवं. नवा धागा काढा. आणि यावेळी आईंनाच लिहू द्या.